वाचणारं शहर

बरेच दिवस एका माणसाबद्दल लिहायचं मनात होतं. ते आपल्याकडचे नाहीत, मी त्यांना भेटलेले नाही, लांबूनसुद्धा पाहिलेलं नाही. पण २०२३ च्या उन्हाळ्यात लेकीकडं अमेरिकेत गेले होते, तेव्हापासून त्यांचं नाव मनातून जात नाही. कर्ट श्मोक. बाल्टिमोर शहराचे ते बारा वर्षं महापौर होते आणि २०१४ साली त्याच शहरातल्या विद्यापीठाचे प्रमुख झाले. तिकडं त्या पदाला प्रेसिडेंट म्हणतात, आपण कुलगुरू म्हणू.

ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या वाचनालयात मी १९८९ साली ग्रंथपाल म्हणून लागले आणि २०२२ ला निवृत्त झाले. तेहतीस वर्षं. या काळात नगराध्यक्ष किती आले, किती गेले, मोजले नाहीत. गावाचा कारभार आणि पुस्तकं या दोन गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आलेल्या दिसल्या की माझे कान लगेच टवकारतात.

लेक बाल्टिमोरपासून पाऊण तासावर राहते. एका शुक्रवारी तिनं रजा काढली. म्हणाली, "आई, चल, तुला शहर दाखवते." ट्राम म्हणावी अशी छोटी रेल्वे होती. आम्ही उतरलो त्या स्टेशनच्या नावातच विद्यापीठाचं नाव आहे, युनिव्हर्सिटी ऑफ बाल्टिमोर–माउंट रॉयल. उतरले आणि मी कमान शोधायला लागले. कमान दिसेना, भिंत दिसेना, वही घेऊन बसलेला रखवालदारही दिसेना. रस्ता ओलांडला की विद्यापीठ, पुन्हा ओलांडला की शहर. समोर कायद्याच्या शाखेची काचेची उंच इमारत आणि मोकळ्या जागेत खुर्चीवर बसलेला लेखक एडगर ॲलन पो यांचा पुतळा. गुडघे बोलायला लागले म्हणून मी तिथंच बाकावर टेकले.

विद्यापीठाचं गेट म्हणजे आपल्याकडं नुसतं दगडाचं बांधकाम नव्हे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या गेटवर दर १४ जानेवारीला माणसं लेकराबाळांसकट येतात, कपाळ टेकवतात. का टेकवतात, हे ज्यानं १९७८ पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. त्या गेटसमोर मीही हात जोडून उभी राहिलेली आहे. पण शहरातून सहज चालत आत जाता येतं असं विद्यापीठ मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते बघत असतानाच लेक म्हणाली, "इथले कुलगुरू आधी या गावचे महापौर होते."

"निवडून आलेले?"

"तीनदा."

मला ते खरं वाटेना. तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. त्या बाकावर बसून मी जे वाचायला सुरुवात केली ते परत इथं आल्यावरही महिनोन्‌महिने वाचत राहिले.

श्मोक यांचा जन्म १ डिसेंबर १९४९ चा, बाल्टिमोरचाच. शिक्षण सरकारी शाळेत. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात सगळा डाव ज्याच्या हातात असतो त्या जागेवर खेळायचे. तिथून येल, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, मग हार्वर्डमधून १९७६ साली कायद्याची पदवी. एवढंच वाचलं तर हुशार मुलाची पायरी-पायरीनं झालेली चढण वाटते. मी मात्र येलमधल्या एका प्रसंगाशी थांबले.

१९७० च्या एप्रिलअखेरची गोष्ट. येल ज्या गावात आहे त्या न्यू हेवनमध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाच्या लोकांवर खटला चालू होता. १ मेला हजारो निदर्शक येणार, दंगल पेटणार अशी धास्ती गावभर पसरलेली. विद्यापीठातले प्राध्यापक बैठकीला जमले. विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायला हा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा उभा राहिला. आता हा आगच ओकणार, असं पुष्कळांना वाटलं. तो मिनिटभरसुद्धा बोलला नाही. विद्यार्थी गोंधळलेत, काही घाबरलेत, काय विचार करावा ते कळत नाही. तुम्ही आमचे शिक्षक आहात, आम्ही तुमच्याकडं बघतो, आम्हाला वाट दाखवा. एवढ्या आशयाची चार वाक्यं बोलून तो बाहेर पडला, आणि सगळे प्राध्यापक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.

हे वाचलं आणि मला आमची शाळा आठवली. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव केला, आणि आपल्याकडं दलितांच्या वस्त्या जळाल्या. मी चौदा वर्षांची होते. आमच्या गावापासून कोसभर अंतरावरच्या वस्तीवरचा धूर शाळेच्या पटांगणातून दिसत होता. माझ्या वर्गात त्या वस्तीवरची एक मुलगी होती, चित्रकलेत सगळ्यांच्या पुढं. ती दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही कधी आली नाही. गुरुजी वर्गात आले, हजेरी घेतली, तिच्या नावाला थोडे थांबले आणि फळ्यावर व्याजाचं गणित घातलं. गुरुजी मायाळू होते, आमच्यापैकी कुणाला ताप आला तर सायकलवर घरी सोडायचे. पण त्या दिवशी त्यांनी गणितच शिकवलं. आणि आम्ही चाळीस लेकरांनीही तोंड उघडलं नाही. शिक्षकाला "वाट दाखवा" असं म्हणता येतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

श्मोक यांनी त्याच काळात सोबत्यांबरोबर येलमध्ये एक पाळणाघर सुरू केलं, विद्यापीठात काम करणाऱ्यांच्या लेकरांसाठी. ते अजून चालू आहे. भाषण आणि पाळणाघर, दोन्ही एकाच मुलानं केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढं वकिली, थोडे दिवस राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कार्यालयात काम, आणि १९८२ साली बाल्टिमोर शहराचे मुख्य सरकारी वकील. तिकडं हे पदही लोकांतून निवडून येतं. या कामात असताना १९८४ च्या डिसेंबरात मार्सेलस वॉर्ड हा साध्या वेशातला पोलीस मादक द्रव्यांच्या कारवाईत गोळी लागून मेला. त्याच्या अंगावर लपवलेला मायक्रोफोन चालू होता. त्याचे शेवटचे क्षण टेपवर आले. खटल्यासाठी ती टेप श्मोक यांना ऐकावी लागली. आपण एकामागून एक माणसं तुरुंगात घालतोय, पोलीस मरतायत, आणि नशेचा बाजार आहे तिथंच आहे, हा विचार त्या टेपनंतर त्यांची पाठ सोडेना.

डिसेंबर १९८७ मध्ये ते महापौर झाले. वय अडतीस. लोकांनी निवडून दिलेले बाल्टिमोरचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. आपल्याकडच्या आणि तिकडच्या महापौरात फरक आहे, तो सांगायला हवा, नाही तर पुढचं नीट कळणार नाही. आपल्या महानगरपालिकांत नगरसेवक आपल्यातूनच एकाला महापौर करतात, अडीच वर्षांसाठी, आरक्षणाची सोडत निघेल तसं. कारभाराची सही आयुक्तांची. महापौर सभा चालवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात, आणि त्यांचा स्वभाव खंबीर असेल तर थोडंफार करून घेतात. बाल्टिमोरमध्ये महापौर थेट लोकांतून येतो, चार वर्षांसाठी, आणि सही त्याची. पोलीसप्रमुख कोण, आरोग्य खातं कोण बघणार, हे तो ठरवतो. म्हणजे शहर बुडालं तरी बोट त्याच्याकडंच जातं.

खुर्चीवर बसून चार-पाच महिने झाले नाहीत तोच, १९८८ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या महापौरांच्या परिषदेत ते उभे राहिले आणि म्हणाले की नशा हा पोलिसांपेक्षा आरोग्य खात्याचा प्रश्न समजा आणि नशा करणं गुन्हा ठेवायचा का यावर देशानं मोकळेपणानं चर्चा करावी. वादळ उठलं. एका माजी सरकारी वकिलानं असं बोलावं हे कुणाला पटेना. ते मागं हटले नाहीत. एकच सुई अनेकांनी वापरल्यानं एचआयव्ही पसरत होता. वापरलेली सुई द्या आणि नवी न्या, अशी योजना शहराच्या आरोग्य खात्यातर्फे सुरू करायला त्यांना १९९४ साल उजाडलं, कारण राज्याच्या विधिमंडळाची परवानगी मिळता मिळत नव्हती. तेवढी वर्षं ते मागत राहिले.

आता माझ्या विषयाकडं येते. श्मोक यांनी महापौर झाल्यावर शहराला एक ब्रीद दिलं: वाचणारं शहर. इंग्रजीत 'द सिटी दॅट रीड्स'. रस्त्याकडेच्या, बसथांब्यावरच्या बाकांवर ते रंगवलं. ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा मोठ्या माणसांना शिकवण्यासाठी वेगळी यंत्रणा उभी केली. औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचता येत नाही अशी माणसं शहरात होती, पण ती लपून होती, आणि महापौर त्यांच्याबद्दल उघड बोलायला लागला.

हे सगळं १९८८ मध्ये. त्याच वर्षी, ५ मे १९८८ ला, आपल्याकडं राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. मी नोकरीला लागले तेव्हा ते वारं आमच्या गावापर्यंत आलं होतं, आणि वाचनालय संध्याकाळी सातनंतर मोकळं असायचं म्हणून प्रौढांचा वर्ग आमच्याकडंच भरायचा. कंदील, पाट्या, खडू. बारा बाया आणि तीन पुरुष.

त्यात पालिकेची एक सफाई कामगार मावशी होती. तिचं नाव इथं लिहीत नाही, त्यात चार अक्षरं आणि दोन वेलांट्या आहेत एवढं सांगते. पगाराच्या दिवशी हजेरीपटावर अंगठा उठवायचा, त्यासाठी निळ्या शाईचं पॅड असायचं. तिच्या अंगठ्याला इतक्या भेगा होत्या की ठसा कधी पुरा उठायचाच नाही. कारकून तिचा हात धरून अंगठा दाबायचा, दोनदा, तीनदा. तिला सगळ्यात जास्त चीड त्या हात धरण्याची होती. "मॅडम," ती मला म्हणाली, "मला बाकी काई नको. मला माझं नाव शिकवा. त्यो माझा हात धरतो ना, त्ये बंद झालं पायजे."

पहिली वेलांटी तिला जमायची, दुसरी जमायची नाही. पाटीवर ती वेलांटी खाली यायची आणि पुढच्या अक्षराला जाऊन भिडायची. दीड महिना लागला. मग एका पगाराला मी तिच्याबरोबर गेले. कारकुनानं सवयीनं पॅड पुढं सरकवलं. तिनं ते बाजूला केलं, पेन मागितला, आणि उभ्या-उभ्या, वाकून, श्वास रोखून नाव लिहिलं. रेघेच्या वर गेलं, शेजारच्या रकान्यातही थोडं गेलं. मागं रांग होती. कुणी घाई केली नाही. लिहून झाल्यावर तिनं नावावर बोट ठेवलं, शाई वाळायच्या आत, आणि ते बोट निळं झालं. ती हसली, म्हणाली, "शेवटी अंगठा न्हाई तर बोट तरी निळं झालंच की."

म्हणून ते बाकांवरचं ब्रीद माझ्या काळजाला लागलं. आपल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर "वाचाल तर वाचाल" लिहिलेलं असतं. आपल्या भाषेनं पुस्तक वाचणं आणि जीव वाचणं एकाच शब्दात बांधून ठेवलंय. बाल्टिमोरच्या लोकांना मराठी येत नसलं तरी तो दुसरा अर्थ त्यांच्या शहरात रोज उंबऱ्याशी उभा होता. श्मोक महापौर असतानाच्या नव्वदच्या दशकात दरवर्षी तिथं तीनशेवर खून झाले. १९९० साली शहराची लोकसंख्या ७,३६,०१४ होती, २००० च्या जनगणनेत ती ६,५१,१५४ वर आली. दहा वर्षांत पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणसं कमी झाली, म्हणजे आपला एक तालुक्याचा गाव उठून गेल्यासारखं. लोकांनी ब्रीदात एक शब्द बदलून 'रक्त सांडणारं शहर' केलं. १९९७ मध्ये शाळांसाठी पैसा मिळावा म्हणून त्यांना शाळांवरचा एकहाती ताबा सोडून राज्य सरकारबरोबर भागी करावी लागली. ज्यानं वाचनाचं ब्रीद दिलं त्यालाच शाळा अर्ध्या हातानं सोडाव्या लागल्या. त्या दिवशी त्यांना कसं वाटलं असेल, याचा विचार मी बऱ्याचदा करते.

त्यांच्या कारभाराला यशस्वी म्हणावं की नाही, यावर तिकडं अजून दोन बाजू आहेत. माझं मत विचाराल तर, शहराला वाचायला सांगणारा महापौर मी त्यांच्याशिवाय पाहिला नाही, आणि खुनांचा आकडा खाली आणण्यात ते कमी पडले हेही खरं. दोन्ही धरूनच मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

१९९९ ला चौथ्यांदा उभं राहायचं नाही असं त्यांनी ठरवलं. वय जेमतेम पन्नास.

आपल्याकडं खुर्ची गेली की माणूस एक तर वरच्या खुर्चीच्या मागं लागतो, नाही तर घरात बसून आल्यागेल्याला जुन्या गोष्टी सांगतो. काहींचे शेवटचे दिवस मी जवळून पाहिलेत. एक माजी नगराध्यक्ष रोज सकाळी आमच्या वाचनालयात यायचे, पेपर उघडायचे, आणि पान न उलटता तासभर बसायचे. मी चहा द्यायचे. त्यांना गावातली प्रत्येक नळाची लाइन पाठ होती, कुठल्या गल्लीत पाइप कोणत्या साली टाकला ते तोंडपाठ. ते ज्ञान कुणाला नको होतं. ते गेले तसं तेही गेलं.

श्मोक काही दिवस वकिली करून २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे डीन झाले आणि २०१२ पर्यंत राहिले. हे तेच लॉ स्कूल जिथं थर्गुड मार्शल शिकले, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. तेही बाल्टिमोरचेच. म्हणजे महापौर थेट कुलगुरूच्या खुर्चीत जाऊन बसले नाहीत. आधी नऊ वर्षं वेळापत्रक, परीक्षा, प्राध्यापकांच्या नेमणुका, शिष्यवृत्त्या यांत घालवली. मग २०१४ च्या जुलैत आपल्या गावी परत आले, युनिव्हर्सिटी ऑफ बाल्टिमोरचे प्रमुख म्हणून.

या विद्यापीठाची जन्मकथा मला आपलीशी वाटते. १९२५ साली ते सुरू झालं तेच दिवसा काम करणाऱ्यांना संध्याकाळी शिकता यावं म्हणून. १९७५ मध्ये राज्यानं ते आपल्याकडं घेतलं. अजूनही तिथं नोकरी करून शिकणारे, उशिरा शिकायला लागलेले, लेकरं सांभाळून येणारे असे विद्यार्थी पुष्कळ. मी स्वतः ग्रंथालयाच्या प्रमाणपत्रावर नोकरीला लागले आणि बी.लिब. केलं ते मुक्त विद्यापीठातून, रविवारी पहाटेच्या एसटीनं परभणीला जाऊन. धाकटा पोरगा मांडीवर, पिशवीत वर्गीकरणाचं पुस्तक. उशिरा शिकणाऱ्याचा ताण काय असतो तो मला माहीत आहे: घरचे म्हणतात आता कशाला, आणि वर्गातले समजतात ही पालक म्हणून आली असेल.

त्यांनी कुलगुरू म्हणून काय काय केलं याची सगळी यादी देत नाही. दोन गोष्टी सांगते.

एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे नावाचा पंचवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी होऊन मेला. बाल्टिमोर पेटलं. दुकानं जळाली, संचारबंदी लागली. त्या वर्षीच्या पुढच्या सत्रात या विद्यापीठानं एक वर्ग उघडला, विषय: दुभंगलेलं बाल्टिमोर, आपण इथवर कसे आलो. विद्यार्थी तर बसायचेच, शिवाय शहरातल्या कुणालाही येऊन बसायची मुभा होती. घरं कुणाला कुठं मिळाली, कुणाला नाकारली गेली, शाळा कशा वेगळ्या पडल्या, हे सगळं त्या वर्गात उघड बोललं गेलं.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मोबाईल खाली ठेवला आणि मला चित्रकला येणारी ती मुलगी दिसली, आणि फळ्यावरचं व्याजाचं गणित. आमच्या शाळेनं त्या आठवड्यात एक दिवस, फक्त एक दिवस, गावातल्या मोठ्या माणसांना बोलावून वर्गात बसवलं असतं तर. विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षांत किती लेकरं माझ्यासारखी गप्प राहून मोठी झाली.

दुसरी गोष्ट तुरुंगाची. २०१६ मध्ये अमेरिकन सरकारनं कैद्यांना पुन्हा शिष्यवृत्ती देऊन बघायचं ठरवलं, तेव्हा या विद्यापीठानं जेसप इथल्या तुरुंगात पदवीचे वर्ग सुरू केले. प्राध्यापक तिथं जाऊन शिकवतात. ज्या माणसानं तरुणपणी सरकारी वकील म्हणून लोकांना तुरुंगात पाठवलं, तोच माणूस साठी ओलांडल्यावर त्या राज्याच्या तुरुंगात पुस्तकं पाठवायला लागला. मार्सेलस वॉर्डची टेप, सुया बदलून द्यायची योजना, बाकांवरचं ब्रीद आणि जेसपचा वर्ग, हे सगळं मला एकाच माणसाच्या एकाच हट्टातून आलेलं दिसतं.

अडचणी तिथंही आल्या. त्यांच्या काळात या विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या खूप घटली, जवळजवळ निम्म्यावर आली. पैशाची ओढाताण, नोकरकपात, सगळं झालं. महापौर असताना गाव रिकामं होताना पाहिलं आणि कुलगुरू असताना वर्ग. तरी ते टिकून राहिले.

लेक मला म्हणाली होती, "आई, असं आपल्याकडं होऊ शकत नाही." मी म्हटलं, झालेलं आहे. डॉ. बिधानचंद्र रॉय १९३१ ते १९३३ कोलकात्याचे महापौर होते आणि १९४२ ते १९४४ कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू. जपानी बॉम्बची भीती असताना त्यांनी मुलांचे वर्ग चालू राहावेत म्हणून हवाई हल्ल्यापासून बचावाच्या निवाऱ्यांची सोय केली. मुख्यमंत्री ते त्यानंतर झाले. फिरोजशहा मेहता मुंबई महापालिकेचे अध्यक्ष राहिले आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, १९१५ मध्ये, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्या मातीतलं बघायचं तर स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला शिक्षक होते, तिथून हैदराबाद मुक्तिसंग्रामात गेले. आणि बाबासाहेबांनी देशाचे कायदेमंत्री असताना १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उघडलं. राज्य चालवणं आणि शाळा चालवणं त्यांना दोन वेगळ्या गावच्या गोष्टी वाटल्या नाहीत.

आज मात्र दार बंद आहे. कुलगुरू व्हायचं तर प्राध्यापक म्हणून, नाही तर नावाजलेल्या संशोधन किंवा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत, दहा वर्षांचा अनुभव लागतो. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात उद्योग, प्रशासन अशा क्षेत्रांतल्या अनुभवी लोकांनाही ते दार उघडायचं म्हटलं होतं, आणि त्यावर मोठा विरोध झाला. विरोध करणाऱ्यांची भीती मला समजते. पक्षाला सोयीचा माणूस आणून बसवतील, ही ती भीती. माझं म्हणणं एवढंच की ज्याला यायचं आहे त्यानं श्मोक यांच्यासारखं आधी नऊ वर्षं डीनचं काम करून दाखवावं. मग त्याच्या पक्षाचा झेंडा मी विचारणार नाही.

आता माझ्या वाचनालयाचं सांगते आणि थांबते. मी निवृत्त व्हायच्या चार वर्षं आधी वाचनकक्ष बंद झाला. छत गळत होतं, दुरुस्तीला पैसे नाहीत असं उत्तर मिळालं, आणि नंतर तिथं निवडणुकीचं सामान, जुने फॅन, मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. मी सात पत्रं दिली. पुस्तकं मागच्या छोट्या खोलीत नेली, ओल लागू नये म्हणून खाली विटा आणि वर प्लॅस्टिक. नगरपालिकेच्या निवडणुका कितीतरी वर्षं झाल्याच नाहीत, प्रशासकाकडं कारभार, म्हणून जायचं तरी कुणाकडं. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. नगराध्यक्ष थेट लोकांतून.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी मी तिळगूळ आणि अर्ज घेऊन पालिकेत गेले. नवे नगराध्यक्ष तरुण आहेत. मला बघून उठून उभे राहिले, म्हणाले, "बसा मॅडम, दहावीला असताना तुमच्या वाचनकक्षात अभ्यास केलाय मी, खिडकीजवळच्या टेबलावर." मला ते आठवत नव्हते, खरं तेच सांगितलं. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. अर्जात मी दोनच मागण्या लिहिल्या आहेत: वाचनकक्षातलं सामान हलवून छत दुरुस्त करावं, आणि संध्याकाळी सात ते दहा तो उघडा ठेवावा, कारण दिवसा कामाला जाणाऱ्यांना तीच वेळ मिळते. त्या तीन तासांसाठी मी पगार न घेता बसेन, असंही लिहिलंय.

"तुम्ही स्वतः बसणार?" त्यांनी विचारलं.

"गुडघे दुखतात, पण बसायला कुठं गुडघे लागतात," मी म्हटलं.

ते उठले, म्हणाले चला, आधी बघू या. शिपायाला किल्ली आणायला पाठवलं. किल्ली सापडायला अर्धा तास गेला. कुलूप गंजलेलं, तेल सोडून उघडावं लागलं. आत अंधार आणि ओलीचा वास. त्यांनी मोबाईलचा उजेड लावला आणि मोडक्या खुर्च्यांमधून वाट काढत खिडकीपर्यंत गेले. टेबल तिथंच होतं. मी छताकडं बघत राहिले. तीन ठिकाणी पोपडे सुटलेत, चौथ्या ठिकाणी सळई दिसते. खाली आल्यावर अर्जाची पोच घेतली. आवक क्रमांक डायरीत लिहून ठेवलाय. येत्या गुरुवारी पालिकेचे इंजिनिअर छत बघायला येणार आहेत, सकाळी अकराला. मी साडेदहालाच जाऊन बसणार आहे.